तलावाच्या पाळीवर तुला कोणी मारलं

विलास,

तुझा तो चौकडीचा शर्ट अजून पोलीस ठाण्यात आहे, पुरावा म्हणून. परत मिळाला असता तरी मी तो धुऊ शकले नसते. खांद्यापासून खिशापर्यंत रक्त वाळून कापड पत्र्यासारखं कडक झालं होतं. अकोल्याच्या दवाखान्यात नर्सनं तो कात्रीनं कापून काढला तेव्हा माझ्या मनात एवढंच आलं, की शर्ट नवा होता, बटणं सोडवली असती तर बरं झालं असतं. तू समोर डोकं फुटून पडला होतास आणि तुझी बहीण बटणांचा विचार करत होती.

तुझी तेरवी होऊन महिना होत आला. चौकात तुझा मोठा फोटो लागला होता, हार घातलेला. खाली लिहिलं होतं, की तलाव वाचवण्यासाठी तू बुलडोझरला आडवा झालास. त्यातलं आडवा झालास एवढंच खरं होतं. कोणासाठी झालास ते लिहिलं नव्हतं, आणि तुला कोणी मारलं ते तर मुळीच नव्हतं. त्याबद्दल मला तुझ्याशी बोलायचं आहे. गावात कोणाशी बोलायला गेले तर भांडण होतं, आणि भांडायचंच असेल तर मला तुझ्याशी भांडायचं आहे.

तू काही संत नव्हतास, हे मी आधी सांगून टाकते. माझ्याइतकं ते कोणाला माहीत असणार. मी साखरखेर्ड्याला नांदत होते तेव्हाची गोष्ट. तू बोटीवरच्या नोकरीतून सुट्टीला आला होतास आणि मला भेटायला घरी आलास. माझ्या कानाखालचा काळानिळा वळ तू पाहिलास. मी केलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायलास, कप जमिनीवर नीट ठेवलास, आणि माझ्या नवऱ्याला मानेला धरून अंगणात ओढलंस. त्याची दोन बोटं तू मागे वाकवून मोडलीस. मला तो आवाज ऐकू आला. मग तू त्याला मातीत पाडून तोंडावर मारत राहिलास, आणि शेवटी मी तुझ्या पाठीला मिठी मारून म्हणाले, "सोड, विलास. मरून जाईल तो."

तू सोडलंस. त्याच दिवशी माझी पेटी उचलून मला घरी आणलंस. पुढं मी नगरपरिषदेत लिपिक झाले, स्वतःच्या पायावर उभी राहिले, ते तुझ्यामुळे. तुझे उपकार मी कधी बोलून दाखवले नाहीत. पण हेही कधी बोलले नाही, की त्या अंगणात तुझं तोंड पाहून मी माझ्या नवऱ्याला भ्याले नव्हते तेवढी तुला भ्याले. तुला थांबायचं नव्हतं. तुला गंमत येत होती.

म्हणून नंतर तू बदललास तेव्हा माझ्या लक्षात आलं. का बदललास ते कळायला मात्र वर्षं गेली.

खामगावच्या एका हॉटेलात पाव भाजता भाजता तू मुंबईच्या एजंटामार्फत बोटीवर गेलास. आपल्या घराण्यात कोणी समुद्र पाहिला नव्हता. तू सहलीच्या मोठ्या बोटीवर, तिच्या पोटातल्या भटारखान्यात, एका पाळीला शेकड्यांनी पाव भाजायचास आणि महिन्याकाठी एखाद्या बंदरातून मला फोन करायचास. त्यातल्या एका बंदराचं नाव तुझ्या तोंडी सारखं असायचं. कॅरिबियन समुद्रातलं जुनं शहर. समुद्राकडे तोंड करून उभा दगडी किल्ला, मागं पिवळ्या आणि गुलाबी घरांची ओळ, आणि किल्ल्याच्या तटाला लागून मासळीबाजार. सकाळी आठला तुमची बोट लागायची आणि संध्याकाळी पाचला सुटायची. पाहुणे शहर बघायला उतरले, की तुला मधले दोन तास मोकळे मिळायचे. तेवढ्यात तू धावत जाऊन आयरीन नावाच्या म्हाताऱ्या बाईच्या चुलीपाशी बसायचास. ती ताजी मासोळी तळून, लिंबू आणि झणझणीत मिरची घालून पावात द्यायची. तिचं इंग्रजी तिच्या तऱ्हेचं, तुझं तुझ्या. तरी तुमचं जमायचं. तू तिला तुझ्या भट्टीतला पाव नेऊन दिलास तेव्हा तिनं तो नाकाशी धरून म्हटलं, की हा पाव गोड आहे, पण त्याला जीव नाही, आणि तुला मळायचं कसं ते दाखवलं. तू हे फोनवर हसत हसत सांगितलं होतंस.

मग तुझे फोन बदलले. त्या बंदरावर मोठ्या बोटींसाठी नवा धक्का होणार होता. किनारा सजवणार होते. एका फेरीत तू गेलास तर बाजाराभोवती जाळीचं कुंपण. आत यायला पास लागे. पाहुण्यांना पास होता, तुला बोटीचं ओळखपत्र होतं, आयरीनला काहीच नव्हतं. मासळीचा वास पाहुण्यांना सोसत नाही, असं तिला सांगितलं होतं. जुन्या गोदामांत सोन्याची आणि घड्याळांची दुकानं आली. एका दुकानातला सिंधी माणूस तुझा चेहरा बघून हिंदीत म्हणाला, "कहाँ से हो, भाई?" तू म्हणालास, बुलढाणा. त्याला ते कुठं आहे ते माहीत नव्हतं, पण त्यानं तुला पाणी दिलं. एवढं तू मला सांगितलंस. त्याच्या पुढच्या फेरीचं काहीच सांगितलं नाहीस. करार संपायच्या आधीच नोकरी सोडून घरी आलास आणि म्हणालास, कंटाळा आला.

खरं काय ते तू चार वर्षांनी, आपल्या स्वयंपाकघरात कणीक तिंबता तिंबता सांगितलंस. मी भाजी निवडत होते.

"ताई, त्या दिवशी बाजार पाडाले बुलडोझर आलता," तू म्हणालास. "आयरीन कुंपनातून आत येऊन बसली होती, चुलीजवळून उठत नोती. त्यानं चूलच लोटली. तेल तिच्या पायावर गेलं. कातडं निघालं तिचं."

"माय."

"मंग लोकाईनं त्या ड्रायव्हरले खाली ओढलं. मासे विकनारे, हमाल, सगळेच. मी बाजूलेच उभा होतो. मले काई सुचलं नाई. मी गेलो आन् लाथ मारली. इथी." कणकेचा हात तू स्वतःच्या बरगडीवर ठेवलास. तिथं पांढरा ठसा उठला. "एकच मारली. पन बुटाखाली काईतरी मोडलं, ताई. मले समजलं मोडलं म्हनून. तो मायाकडे पाहून राह्यला होता."

"मंग?"

"मंग बोटीचा भोंगा वाजला. मी पळालो. संध्याकाळी रोजच्यासारखे पाव भाजले."

"अन् तो?"

"मेला काय वाचला, मले मालूम नाई. कोनाले विचारू?"

मी काहीतरी बोलायला हवं होतं. मला अंगणातली ती दोन बोटं आठवली आणि मी खाली मान घालून भाजी निवडत राहिले. तुला वाटलं असेल, ताईला काही वाटलं नाही. मला वाटलं, विलास. मला एवढंच वाटलं, की बरं झालं, याला आता तरी त्या आवाजाची भीती बसली.

गावी येऊन तू तलावाच्या पाळीवर गाडी लावलीस. आपल्या तलावातली मरळ तळून, लिंबू-मिरची घालून, हाताने मळलेल्या पावात. पहिले पंधरा दिवस लोक हसले, की मासोळीसोबत पाव कोण खातो. मग पिंपळगाव राजा या गावाकडून माणसं मोटारसायकलीवर येऊ लागली. तुझ्या डाव्या हाताला सुभद्राबाई मासोळीचं घमेलं घेऊन बसायची. उजव्या हाताला संतोषचं जाळ्यांचं आणि दोरखंडांचं दुकान. संतोष आणि तू एका वर्गातले. दोघं पाठीला रिकामे डबे बांधून त्याच तलावात पोहायला शिकला होतात आणि मला काठावर कपडे राखायला बसवलं होतंत. त्याचे वडील नामदेवकाका दिवसभर दुकानाच्या दारात जाळं विणत बसायचे आणि तुझ्याकडून दुपारी एक पाव, मिरचीशिवाय, खायचे.

त्या पाळीवर तू सुखी होतास. ते मी रोज कचेरीत जाता-येता पाहिलं आहे.

आणि मग माझ्याच टेबलावर ती फाईल आली. तलाव सुशोभीकरण. फाईलमध्ये एक रंगीत चित्र होतं. पांढरा कठडा, रंगीत छत्र्या, खुर्च्या, पायी फिरायला फरशीचा रस्ता, नौकाविहार. मला ते आवडलं, हे मी तुझ्यापासून लपवलं नाही. मोबाईलवर फोटो काढून मी तुला दाखवायला आणला.

तू बराच वेळ बघत राहिलास. "हे कुठलं हाय, मालूम हाय तुले?"

"आपला तलाव. झाल्यावर असा दिसंल."

"हा कोपरा पाह्य." तू बोटांनी चित्र मोठं केलंस. कठड्याच्या मागं, झाडाआड, दगडी तटाचा तुकडा होता. "आपल्या गावात किल्ला कुठी हाय, ताई?"

चित्र करणाऱ्यानं कुठल्याशा फोटोवरून आपला तलाव रंगवला होता आणि तो तट पुसायचा राहिला होता. तू म्हणालास, हे तेच बंदर आहे, आयरीन जिथं बसायची तिथं ही छत्री आहे. मला ते तेव्हा खरं वाटलं नाही. जगात काय तट थोडे आहेत? आजही मला खात्री नाही. तुझी होती.

आपलं भांडण तिथून सुरू झालं. मी म्हणाले, पाळीवर घाण किती आहे, बाईमाणसाला बसायला जागा नाही, संडास नाही, मी लहानपणापासून बघते आहे.

"मंग संडास बांधा ना," तू म्हणालास. "लोकाईले काऊन हाकलून राह्यले?"

"हाकलत नाईत. बाजाराच्या मैदानावर गाळे देऊन राह्यले."

"तिथी कोन येते मासोळी घ्याले? तुले बसाले खुर्ची भेटन, ताई. सुभद्राबाईनं कुठी बसाचं?"

"तू दोन देश पाहून आला म्हनून सगळ्यात तेच दिसते तुले."

तू चार दिवस माझ्याशी बोलला नाहीस. नोटिसा मीच टाइप केल्या. तुझीही. ती घेऊन मी स्वतः पाळीवर आले, कारण शिपायाच्या हातून तुला ती मिळावी असं मला वाटेना. तू तळणीतून झारा न काढता विचारलंस, "इथी सही करू काय?" आणि डाव्या हाताने सही केलीस. मग मला पावात मासोळी दिलीस. मी ती तिथंच उभ्यानं खाल्ली.

पाळीवरच्या लोकांच्या बैठका तुझ्या गाडीपाशी व्हायच्या. एकदा मी मागं उभी होते. संतोष म्हणाला, "येऊ दे बुलडोझर. पेटवून देऊ."

"मशीन पेटव," तू म्हणालास. "मानसाले हात नोको लावू."

"बोटीवर जाऊन भेकड झाला बे तू."

"हाव, झालो."

सगळे हसले. तूही हसलास. संतोषनं तुझ्या खांद्यावर थाप मारली. तो वाईट माणूस नव्हता, विलास. हे मला लिहावं लागतं आहे.

नोटिशीची मुदत संपली त्या सोमवारी सकाळी दहाला मी पंचनाम्याची फाईल घेऊन पाळीवर होते. आमचे दोन अधिकारी, चार-पाच पोलीस, एक बुलडोझर, आणि ठेकेदाराची वीसेक माणसं. त्यांच्या हातात दांडके होते. ते कोणी आणायला सांगितले होते, मला माहीत नाही. लोकांनी सामान आवरायला दुपारपर्यंत वेळ मागितला. आमचे साहेब हो म्हणायच्या बेतात होते. तेवढ्यात ठेकेदाराच्या मुकादमानं सुभद्राबाईच्या घमेल्याला लाथ घातली. जिवंत मासोळ्या फुफाट्यात तडफडू लागल्या. सुभद्राबाईनं तागडीतलं किलोचं वजन उचलून त्याच्या तोंडावर हाणलं. त्याचे दात ओठातून बाहेर आले. दुसऱ्यानं तिच्या कोपरावर दांडका मारला आणि तिचा हात कोपरापासून भलत्याच बाजूला लोंबायला लागला.

मग दगड सुरू झाले. एका शिपायाचं कपाळ फुटलं, तो रक्त पुसत खाली बसला. बायका ओरडत होत्या. कोणीतरी उकळतं तेल फेकलं. ते तुझ्याच कढईतलं होतं, पण तू फेकलं नव्हतंस. ठेकेदाराची माणसं पाठ भाजून पळाली आणि पळता पळता मुकादम बुलडोझरवाल्याला ओरडला, "चला, आगे ले!"

तो चालवणारा शिवकुमार. चाळिशीचा, मध्य प्रदेशातला. घाबरून त्यानं मशीन पुढं घेतली. संतोषच्या दुकानाचा पत्रा दाबला गेला, लाकडी खांब मोडला. आत नामदेवकाका जाळी गोळा करत होते, हे त्याला दिसलं नव्हतं. आम्हाला कोणालाच दिसलं नव्हतं. पत्र्याखालून त्यांचा आवाज आला तेव्हा चाक त्यांच्या मांडीवरून गेलं होतं.

लोकांनी शिवकुमारला खाली ओढलं. त्याच्या अंगावर किती जण होते, मला मोजता आलं नाही. लाथा, चपला, दगड. एका बाईनं त्याच्या डोळ्यात मिरचीचं वाटण चोळलं. संतोष दुकानातून लोखंडी पहार घेऊन आला. गर्दीनं त्याला वाट दिली. आणि तू माझ्या समोरून धावलास. मी तुझा शर्ट धरला. तो माझ्या हातातून सुटला.

तू शिवकुमारच्या अंगावर पालथा पडलास, त्याचं डोकं आपल्या छातीखाली घेऊन.

पहिला घाव तुझ्या खांद्यावर बसला. तो तुझ्यासाठी नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. तू मान वर केलीस आणि म्हणालास, "संत्या, मी हाय बे. मी हाय."

त्यानं तुला पाहिलं. मी पाच हातांवर होते. त्यानं तुला ओळखलं, पहार वर धरून तो थांबला, त्याच्या पाठीमागं त्याचा बाप किंचाळत होता, आणि तू अजून त्याच्याकडे बघत होतास. मग त्यानं दुसरा घाव घातला. डोक्यात. नारळ फोडताना होतो तसा आवाज झाला.

लोक पांगले. पहार तलावात गेली. तुझ्या खालून शिवकुमार रांगत बाहेर आला. मिरचीनं त्याचे डोळे बंद होते, तोंड तुझ्या रक्तानं माखलं होतं, आणि तो चाचपडत तुझा चेहरा धरून म्हणत होता, "भैया, उठो. भैया, उठो."

अकोल्यात तू नऊ दिवस काढलेस. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी शुद्धीवर होतास. चौथ्या दिवशी दुपारी तू मला जवळ बोलावलंस. तोंड सुजून तुझे शब्द एकमेकांत चिकटत होते.

"संत्याचं नाव नोको घेऊ, ताई."

"काऊन?"

"गर्दी होती म्हन. पोलिसाले म्हन, गर्दी होती."

"मी पाह्यलं विलास. माया डोळ्यानं."

"त्या बंदरावर मीबी मारलं होतं. मायं नाव कोनी घेतलं नाई. मी घरी आलो. पाव भाजले." तू दम घेतलास. "त्यालेबी घरी राहू दे."

मी म्हणाले, तू आधी बरा हो, मग बघू. तू डोळे मिटलेस. नंतर तुझ्या तोंडून निघालेला एकही शब्द मला समजला नाही.

तू गेल्याबरोबर काम थांबलं. मोठी माणसं मोटारींतून आली. गावात आणि पेपरात एकच गोष्ट झाली, की बुलडोझरच्या लोखंडी दात्यानं तुझं डोकं फुटलं. पाळीवरच्या सगळ्यांनी तसंच सांगितलं. सुभद्राबाईनंही, प्लास्टर घातलेल्या हातानं. मी कोणाला खोटं म्हटलं नाही. पोलीस माझ्याकडे आले तेव्हा मी म्हणाले, गर्दी होती. तू सांगितलेलं ऐकलं. तुझं मरण पाळीच्या कामी येत होतं. संतोषनं तुझ्या तिरडीला खांदा दिला. मी त्याच्या मागून चालले. तो रडत होता आणि ते रडणं खरं होतं.

तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी कचेरीत बसले असताना एक बाई खिडकीशी आली. लाल लुगडं, पायात रबरी चपला. तिला त्या दिवसाच्या पंचनाम्याची नक्कल हवी होती. मी विचारलं, कोणासाठी.

"मेरे आदमी के लिए, मैडम. शिवकुमार. उसको अंदर कर दिया. बोलते हैं, तूने मशीन से आदमी मारा." मग ती खिडकीच्या गजाला धरून म्हणाली, "बुड्ढे के पैर का वो मानता है. रोता है उसके लिए. पर वो दूसरा उसने नहीं मारा. वो बोलता है, एक भैया मेरे ऊपर सो गया था. कोई सुनता नहीं. भैया का घर कहाँ है, आपको मालूम है?"

मी कोण ते तिला माहीत नव्हतं. मी तिला नक्कल दिली. पाणी दिलं. ती गेल्यावर मी टेबलावरून उठून थेट ठाण्यात गेले.

आता तुला राग येईल ते सांगते. मी संतोषचं नाव घेतलं.

ठाण्यातला अंमलदार तुला ओळखत होता. तुझ्याकडची मासोळी त्यानं खाल्ली होती. त्यानं सगळं लिहून घेतलं आणि पेन थांबवून म्हणाला, "घाव किती, बाई? एक म्हटला तर झटापटीत लागला असं होते. दोन म्हटले अन् ओळखून मारलं म्हटलं, तर गोष्ट येगळी होते. इचार करून सांगा."

मी विचार केला. खरंच केला. तू चौथ्या दिवशी जे बोललास ते सगळं मनात म्हटलं. त्या परक्या बंदरावर कोणी तुझं नाव घेतलं असतं तर तू घरी आला नसतास, मला तुझ्या हातचा पाव मिळाला नसता, हेही कबूल केलं. पण विलास, तुझं नाव कोणी घेतलं नाही म्हणून तू सुखानं घरी आला नव्हतास. तो माणूस जगला का मेला, हे तुला कोणाला विचारता आलं नाही. ते तू मरेपर्यंत बरोबर घेऊन फिरलास, आणि शेवटी त्यापायीच एका अनोळखी माणसाच्या अंगावर जाऊन पडलास. ज्याला वाचवायला पडलास तोच तुझ्या खुनासाठी तुरुंगात. हे तुला चाललं असतं का? तू हो म्हणाला असतास तरी मला चाललं नसतं.

मी म्हणाले, "दोन."

संतोषला त्याच दुपारी नेलं. शिवकुमारवरचा तुझ्या मरणाचा आरोप निघाला. नामदेवकाकांच्या पायाचा राहिला आहे, आणि तो राहायला हवा. चौकातला तुझा फोटो दोन दिवसांत उतरला. तू बुलडोझरनं मेला नाहीस म्हटल्यावर काम थांबवायला कारण उरलं नाही. आठवड्याभरात पाळ साफ झाली. तुझी गाडी मी तिथून हलवायला गेले तेव्हा सुभद्राबाई माझ्या पायापाशी थुंकली. मग तिनंच एका हातानं गाडीचं दुसरं टोक धरून ती माझ्यासोबत रस्त्यापर्यंत ढकलली. कठड्याचे खांब आता उभे झाले आहेत. सकाळी दोन-चार बायका तिथं फिरायला जातात. त्यांना मोकळं वाटतं असं म्हणतात, आणि मला त्यांचं म्हणणं खोटं वाटत नाही. गाडी हलवल्यापासून मी तिथून गेले नाही. कचेरीला लांबच्या रस्त्यानं जाते.

घराच्या दारावर कोणीतरी शेण फेकलं. ते मी धुतलं. संतोषची बायको रस्त्यात दिसली की पदर तोंडावर घेऊन भिंतीकडे वळते. तिच्याशी बोलायचं धाडस मला नाही.

काल सकाळी नामदेवकाका आले.

त्यांचा पाय मांडीपासून काढला आहे. दोन कुबड्यांवर, गल्लीच्या तोंडापासून आपल्या दारापर्यंत त्यांना किती वेळ लागला, मी खिडकीतून बघत होते. पुढं जाऊन हात द्यायची हिंमत झाली नाही. ते पायरीवर बसले. मी पाणी आणलं. त्यांनी ते घेतलं नाही, खाली ठेवायला सांगितलं. ते आपल्या हातांकडे बघत होते. जाळं विणून बोटांना पडलेल्या त्या खाचा, तुला माहीत आहेत.

"पोरी," ते म्हणाले, "मी पत्र्याखाली होतो. मले काई दिसलं नाई. गावात कोनी नीट सांगत नाई. तू होती तिथी."

"हो, काका."

"इलासनं आवाज देल्ला होता काय त्याले?"

"देल्ला होता. मी हाय म्हने."

"त्याच्यानंतर मारलं?"

एक शब्द बदलला असता तर त्या म्हाताऱ्याला रात्रीची झोप मिळाली असती. तू असतास तर तो शब्द बदलला असतास, मला माहीत आहे. तू त्याच्या पायाशी बसून म्हणाला असतास, गर्दी होती काका, काही समजलं नाही.

"हो," मी म्हणाले. "त्याच्यानंतर."

त्यांनी मान हलवली. तांब्या उचलला, पाणी प्यायले, आणि कुबड्या मागितल्या.